झोपाळ्याची तुळई

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पाऊल टाकलं की उजव्या भिंतीला टेकवलेली एक फळी दिसायची. पाच फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, दीड इंच जाड. अस्सल साग. चार कोपऱ्यांना चार पितळी वाट्या ठोकलेल्या. नवखा पाहुणा हमखास विचारायचा, हे दार कुठलं काढून ठेवलंय? ते दार नव्हतं. तो आमचा झोपाळा होता, आणि पंचवीस वर्षं तो असाच उभा होता.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला झोपाळा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शेजारी त्याला हिंचको म्हणायचे, आम्ही झोपाळा. आमच्याकडे भाजी त्याच्यावर निवडली जायची, तान्ही मुलं त्याच्यावर निजायची, मुलगी बघायला आलेली मंडळी आधी त्याच्यावर टेकायची. संध्याकाळी बाबा कचेरीतून आले की आई चहा घेऊन त्याच्यावर बसायची आणि पायाच्या अंगठ्याने हलकासा झोका द्यायची. दोघं फारसं बोलत नसत. कड्यांचा तेवढा आवाज यायचा.

२६ जानेवारी २००१ ला मी माहेरी आले होते. सकाळी पावणेनऊची वेळ, टीव्ही लावलेला. रिकामा झोपाळा एकाएकी हलायला लागला. पुढे-मागे हलला असता तर वाटलं असतं, जाता जाता कोणीतरी ढकलला. तो आडवा हलत होता, ज्या लाकडी तुळईला तो टांगलेला असतो तिच्या दिशेने, जसा तो कधीच हलत नाही. मग वरून एकदाच आवाज आला, कर्र. बाबा ओरडले आणि आम्ही सगळे अनवाणी गल्लीत. कच्छचा भूकंप होता हे तासाभराने कळलं. घराला काही झालं नाही, गिलाव्यावर दोन-चार बारीक रेषा उमटल्या इतकंच. पण त्याच आठवड्यात बाबांनी झोपाळा उतरवला. पितळी कड्या जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या आणि म्हणाले, बघू पुढे. बाबा गेले, तरी ते पुढे काही आलं नाही.

गेल्या थंडीत आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत तो परत लाव गं. नाहीतर फळी देऊन टाक कोणाला तरी. गावभरच्या इमारतींचे हिशेब करतेस, एवढी एक तुळई तुला बघवत नाही?"

खरंच बघितली नव्हती. तीस वर्षं मी इमारतींच्या भारांचे हिशेब करते आहे. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला २०० किलोचा वावर सोसेल अशी धरायची, ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनाची ६०० किलोसाठी, हे आकडे मला झोपेतही सांगता येतील. पण ज्या कडीपाटाखाली मी रांगायला शिकले त्याच्यावर पट्टी धरायचं धाडस मला होत नव्हतं. परक्याच्या तुळईचा हिशेब चुकला तर तो वहीत दुरुस्त करता येतो. इथे खाली आई बसणार होती.

अशा वेळी मला मँटची आठवण येते. लक्ष्मीविलास राजवाडा बघायला जगभरातून लोक येतात, पण तो ज्याने कागदावर काढला त्या मेजर चार्ल्स मँटबद्दल गाइड दोनच वाक्यं बोलतो. सयाजीराव महाराजांसाठी हा राजवाडा त्याने रचला, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. काम चालू असतानाच त्याच्या मनाने घेतलं की आपले हिशेब चुकले आहेत, आपण बांधलेले महाल कोसळणार आहेत. त्या भीतीनेच त्याचं डोकं फिरलं आणि १८८१ मध्ये त्याने आयुष्य संपवलं, असं सांगतात. पुढचं काम रॉबर्ट चिझमने हाती घेतलं आणि १८९० मध्ये राजवाडा उभा राहिला. तो आजही उभा आहे. २००१ च्या भूकंपातही उभा राहिला. म्हणजे मँटचं गणित बरोबर होतं, त्याला ते सांगणारं कोणी भेटलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात ही गोष्ट मला कळली तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. अजूनही राजवाड्यावरून रिक्षा गेली की त्या मनोऱ्याकडे बघून मनातल्या मनात मी त्या माणसाला सांगते, बघ, पडला नाही.

तर तुळई. मी शिडी लावली आणि मापं घेतली. रुंदी सहा इंच, उंची आठ इंच, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बारा फूट. दोन तुळयांमधला खण चार फुटांचा. डांगच्या जंगलातला साग, असं आजोबा सांगायचे. ज्याने ती बसवली त्याने आठ इंचांची बाजू उभी ठेवली होती, आणि त्यातच त्याचं शहाणपण होतं. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरून दाबली की धनुष्यासारखी वाकते. तीच पट्टी कडेवर उभी करून दाबा, हलत नाही. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच. पण रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. आमच्या तुळईची सहा इंचांची बाजू उभी ठेवली असती, तर त्याच भाराखाली ती जवळपास पावणेदोन पट लवली असती.

लांबीचं याच्या उलट. गोत्रीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांचे दिवाळी अंक मी भुश्याच्या दाबीव फळीच्या कपाटात लावले होते. तीन फुटांची फळी. पुस्तकं म्हटली की दर मीटरला तीस किलोच्या आसपास वजन होतंच. पहिलं वर्षभर फळी सरळ होती, दुसऱ्या वर्षी पोट सुटल्यासारखी दिसायला लागली, पाचव्या वर्षी अंक मधोमध कलले. भार तोच, वाढला नव्हता. लाकडाचं आणि लाकडासारख्या सगळ्याच जिनसांचं हे आहे: सतत ओझं राहिलं की ते हळूहळू, वर्षानुवर्षं लवत राहतं. जो भार ते पाच-दहा मिनिटं पेलतं, त्याच्या साधारण साठ टक्केच ते दहा वर्षं पेलू शकतं. मी फळीच्या बरोबर मध्यावर एक उभा ठोकळा दिला. अंतर निम्मं झालं आणि लवण, म्हणजे फळीचा मधला बाक, सोळाव्या हिश्श्यावर आली. सोळाव्या! दोन इंचांच्या ठोकळ्याने.

झोपाळ्याचा भार काढणं सोपं होतं. तीन माणसं धरली, साठ किलोची. एकशे ऐंशी. पण झोका घेताना झोपाळा खालून जातो तेव्हा कड्यांवर नुसतं वजन येत नाही, वेगाचा ताणही येतो. पंचेचाळीस अंशांपर्यंत झोका गेला तर वजनाच्या १.६ पट. म्हणजे एकशे ऐंशीचे झाले दोनशे नव्वदच्या घरात. नातवंडं येणार, ती काय अंश मोजून झोके घेणार? मी तीनशे किलो धरले.

मग मी जिना चढून माडीवर गेले आणि खरा हिशेब तिथे भेटला. तुळयांवर आडव्या लाकडी कड्या, त्यांच्यावर फळ्या, आणि फळ्यांवर चार इंच मातीचा थर, वरून चुना. जुन्या घरांत असंच असतं. एका तुळईच्या वाट्याला त्यातली चारेक चौरस मीटर जमीन येते आणि नुसत्या मातीचं वजन सातशे किलोच्या आसपास भरतं. कोणी चालत नसताना, कोणी बसत नसताना, दिवस-रात्र, शंभर वर्षं. आम्ही पंचवीस वर्षं झोपाळ्याला घाबरत होतो, आणि बिचारी तुळई त्याच्या दुप्पट-अडीचपट ओझं डोक्यावर घेऊन आमच्या जन्माआधीपासून उभी होती. मराठीत तूळ म्हणजे तराजू. संस्कृतात तुला म्हणजे तराजूही आणि घराची तुळईही. शब्द ज्याने घडवला त्याला ठाऊक होतं, ही वस्तू आधीच काहीतरी तोलते आहे.

त्या दिवशी मी कागदावर आकडे मांडले. साग कोरडा असेल, गाठी नसतील, तर माती आणि झोपाळा मिळूनही लाकडावर येणारा ताण त्याच्या सुरक्षित मर्यादेच्या चांगलाच आत होता. मी आईला सांगितलं, होईल. आणि सुतारकाकांना फोन केला.

सुतारकाका वयाने सत्तरीच्या पुढचे, फतेहपुऱ्यातले. आमच्या घराच्या खिडक्या त्यांच्या वडिलांनी केल्या होत्या. ते आले, चहा नको म्हणाले, आणि मी शिडी मधोमध लावत होते तर हाताने थांबवून म्हणाले, "बेन, वच्चे नहि, छेडे जुओ." मधे नको, टोकाशी बघा.

त्यांनी शिडी भिंतीला लावली. हातातल्या हातोडीच्या दांड्याने ते तुळईवर टकटक करत मध्यापासून भिंतीकडे सरकले. टण, टण, टण, भरीव. भिंतीच्या अलीकडे फूटभर राहिलं आणि आवाज बदलला. धप. कणीक मळलेल्या परातीवर थाप मारल्यासारखा. त्यांनी खिशातून लांब पेचकस काढला, तुळई भिंतीत शिरते तिथे खालच्या बाजूने टेकवला आणि दोन बोटांनी ढकलला. चार इंच आत गेला. लोण्यात सुरी जावी तसा. बाहेर काढला तर टोकाला काळपट, ओलसर भुसा. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. हुंगून बघितला तर पावसाळ्यात जिन्याखाली येतो तसा वास.

मी दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. तिथे पेचकसाचं टोक पाव इंचही शिरेना.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली होती. ज्याने बसवली त्याने टाकी भिंतीलगत ठेवली, ते योग्यच होतं. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि तो टन तुळईच्या मध्यावर न टाकता भिंतीवर टाकायचा हे कोणीही सांगेल. पण टाकी भरून वाहिली की ते पाणी जिथून निघतं, तो पाइप त्याने भिंतीच्या अंगालाच सोडून दिला. रोज सकाळी पाणी यायचं, टाकी भरायची, पावली-अर्धी बादली पाणी भिंतीत मुरायचं. साग कोरडा राहिला तर दोनशे वर्षं जातो. त्यात वीस टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली तर बुरशीला खायला मिळतं, मग तो साग आहे का बाभूळ हे ती विचारत नाही. तुळईचं टोक भिंतीच्या पोटात असतं, वारा नाही, ऊन नाही, डोळ्यांना दिसत नाही. मी वजनाचा हिशेब बरोबर केला होता. पाण्याचा केलाच नव्हता. काका आले नसते तर मी झोपाळा लावला असता, आईला त्याच्यावर बसवलं असतं. हे लिहितानाही माझे हात गार पडतात.

२०२५ च्या ९ जुलैला महीवरचा गंभीरा पूल मध्ये तुटला, गाड्या नदीत पडल्या, माणसं गेली. पादऱ्याकडून आणंदला जाणारा हा पूल १९८५ चा. त्या रस्त्याने आम्ही कितीदा गेलो असू. नंतर सरकारकडून जे सांगण्यात आलं त्यात पुलाचा पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशनचा सांधा चिरडल्याचं होतं. म्हणजे गर्डर जिथे टेकतो, जिथे एक भाग दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, ती जागा. ते वाचलं तेव्हा तो तांत्रिक शब्द म्हणून वाचला होता. काकांनी तळहातावर भुसा ठेवला तेव्हा तो मला कळला.

आम्ही उतरंड रचायचो ना लहानपणी, संक्रांतीच्या सुगडांची? एकावर एक पाच-सहा. फुटायचं ते बहुतेक वेळा सर्वांत खालचं. आणि तेही पोटात फुटायचं नाही, बूड जिथे खडबडीत फरशीच्या एका उंचवट्यावर टेकलं असेल तिथून तडा जायचा. भाजलेली माती दाबाला जबरदस्त असते, ताणाला कच्ची. दगडही तसाच, म्हणून जुन्या देवळांत दगडी तुळया आखूड आणि खांब जवळजवळ. लाकूड मात्र ताण आणि दाब दोन्ही सोसतं, म्हणून बारा फूट जाऊ शकतं. काचेचं तर विचारूच नका. काच म्हटलं की आपण पाय उचलतो, पण मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या दालनाच्या मजल्यांची जमीनच काचेची आहे. सयाजीरावांच्या काळातली, जाड काच, खालपर्यंत उजेड झिरपावा म्हणून. कॉलेजात असताना पहिल्यांदा त्या काचेवर पाऊल ठेवलं तेव्हा मी कपाटाला घट्ट धरलं होतं. नंतर लक्षात आलं की मी धरलं तेच खरं धरायचं होतं: ती लोखंडी कपाटंच वरचा मजला पेलतात. काचेला एका कपाटापासून शेजारच्या कपाटापर्यंतच जायचं असतं. छोटा पल्ला आणि टेकायला पक्की जागा मिळाली की काचही माणसं पेलते.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशीच टाकीचा पाइप वळवून गटारात सोडला. मग तुळईखाली दोन लोखंडी जॅक लावले आणि काकांच्या मुलाने ते अगदी सावकाश फिरवले, इतके सावकाश की मला काही हलल्यासारखं दिसलं नाही, फक्त वर माडीवर चुन्यातून थोडी धूळ सांडली. कुजलेलं टोक फुटभर कापून काढलं. भिंतीलगत सागाचा नवा खांब उभा केला, खाली काळ्या दगडाचा तळखडा बसवला, वर हस्त, म्हणजे तुळईला टेकायला आडवा लाकडी तुकडा, आणि तुळई आता भिंतीच्या पोटात न जाता उघड्यावर, आमच्या डोळ्यांसमोर खांबावर टेकली. तळखडा मुद्दाम जमिनीपासून सहा इंच वर आलेला घेतला. लाकडाने ओल्या फरशीला शिवू नये. आईला खांब आधी आवडला नाही, जागा अडते म्हणाली. मी तिला पेचकस कुठे गेला होता ते दाखवलं. मग काही बोलली नाही. माडीवरची मातीही निम्मी उतरवली, सुतारकाकांनी ती घमेल्यांनी खाली दिली आणि आईने परसातल्या अडुळशाला घातली.

आणि गहू आले. चैत्र सरता सरता आमच्याकडे वर्षाचे गहू भरतात, आमचे, मावशीचे, दोन्ही भावांचे, सगळे एकदम आमच्या घरी उतरतात, मग आई एरंडेल चोळून वाटून देते. पन्नास किलोची सहा पोती. तीनशे किलो. मी पोत्यांकडे बघितलं आणि काकांना बोलावलं.

काँक्रीटच्या इमारतीची अशी परीक्षा घेण्याची पद्धत आहे: ठरलेला भार चोवीस तास ठेवायचा, काढायचा, आणि पुढच्या चोवीस तासांत लवण तीन चतुर्थांश तरी परत आली पाहिजे. लाकडासाठी मी तोच धडा घेतला. दोन्ही टोकांजवळ खिळे ठोकून तुळईच्या कडेने मासे पकडायची बारीक दोरी ताणून बांधली. मध्यावर तुळईला स्टीलची पट्टी चिकटवली, दोरीशेजारी. कड्यांच्या हुकांना तेल घातलं. जॅक काढले नाहीत, इंचभर खाली उतरवून ठेवले, न जाणो. झोपाळ्याच्या फळीखालीही विटा रचल्या, दोन बोटं अंतर ठेवून.

पहिली दोन पोती ठेवली. पट्टीवर फरक दिसेना. चार झाल्यावर दीड मिलिमीटर. पाचवं ठेवताना कड्या कुरकुरल्या आणि मी काकांकडे बघितलं, ते तुळईकडे बघत नव्हते, खांबाकडे बघत होते. सहा. अडीच मिलिमीटर. मी पेन्सिलीने तारीख आणि वेळ भिंतीवर लिहिली.

त्या रात्री मी तिथेच राहिले. आई आत झोपली, मी बाहेर सतरंजी टाकली, पण तुळईखाली नाही, बाजूला. दोन वाजता उठून बॅटरीने पट्टी बघितली, पाच वाजता बघितली. सकाळी पट्टीवर पावणेतीन मिलिमीटर. सहा पोती अंधारात झोपाळ्यावर एकमेकांना टेकून बसलेली, पाहुण्यांसारखी, आणि वर ती तुळई, नेहमीसारखी गप्प. कर्र नाही, काही नाही. मला वाटलं, मँटला कोणीतरी असं एक रात्र बसू दिलं असतं, आपल्या भिंतींखाली, पट्टी घेऊन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोती उतरवली. दोरी आणि पट्टी अर्ध्या मिलिमीटरवर आली, तिसऱ्या सकाळी मला फरक वाचता येईना. काकांनी जॅक गाडीत टाकले. त्यांनी पैसे मोजून घेतले, आणि निघताना खांबाच्या तळखड्यावर पाणी सांडलं होतं ते स्वतःच्या रुमालाने पुसलं.

आईने फळीवर जुनी सतरंजी अंथरली आणि बसली. आधी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून, मग उजवा अंगठा तेवढा. झोपाळा हलला. पितळी कड्यांनी पहिला आवाज केला तो गंजलेला होता, दुसऱ्या-तिसऱ्या झोक्याला ओळखीचा झाला. तिने शेजारची जागा हाताने झटकली आणि माझ्याकडे बघितलं.

"ये की," म्हणाली, "तुझ्यासकट धरलंयस ना?"

मी खांबाकडे एकदा बघितलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.